सोलापुरात रुजलेला असोला नारळ

परमुलखात राहिलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपसूक साठत जातात. रोज कुठे ना कुठे आपली फजिती होते, आणि वर्षभराने पाहावं तर गाठोडं भरलेलं! मी राजापूरकडचा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका गिरणीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो, तेव्हाच्या या गोष्टी.

पहिल्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या शिवप्पाने आपला डबा माझ्यापुढे सरकवला. हा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, मनाचा फार मोकळा. डब्यात शेंगांची चटणी आणि कागदासारखी पातळ, ताठ भाकरी. मला वाटलं, परवाची असणार. बिचाऱ्याच्या घरी काही अडचण असेल, म्हणून मी मुकाट्याने तोंडात घातली. काड्‌कन आवाज झाला.

हेडक्लार्कसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी पाटी फोडली रे?"

मी हळूच शिवप्पाला म्हटलं, "शिळी असली तरी चव छान आहे हो."

"शिळी? कडक भाकरी हाय ती, मुद्दाम केलेली! म्हैनाभर टिकती. तुमचा भात टिकतो का सांजपत्तुर?"

मी दुसरी भाकरी घेतली.

*

पौषात शिवप्पाने त्याच्या मळ्यावर हुरड्याला बोलावलं. मी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. शेतात आगटी पेटलेली, भोवती मंडळी बसलेली. कुणीतरी गरम हुरडा तळहातावर दिला. मी चार दाणे चाखले आणि बाजूला झालो. म्हटलं, यानेच पोट भरलं तर जेवणावर अन्याय होईल!

तास गेला, दुसरा गेला. आगटी विझली, लोक टोप्या झटकून उठू लागले. मी मात्र हात धुऊन घोंगडीवर मांडी घालून बसलेला.

"काय ओ सायेब, बसला का?"

"पानं कधी मांडणार?"

शिवप्पा माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी हुरड्याला आला का लग्नाला?"

परतताना बैलगाडीत तो माझ्या धोतराच्या सोग्यात उरलेला हुरडा ओतत होता आणि दर मैलाला नव्याने हसत होता.

*

त्याआधी दिवाळीत आईने घरचे दहा-बारा नारळ पाठवले होते. असोले, सालासकट. ऑफिसात सगळ्यांना एकेक वाटला. एक माझे घरमालक नरसय्या यांनाही दिला. हे तेलुगू विणकर. त्यांच्या मागाची खटखट दिवसभर माझ्या भिंतीपलीकडे चाले.

आठवड्याने मी शिवप्पाला विचारलं, "काय, चटणी कशी झाली?"

"कसली?"

"नारळाची!"

त्याने दोन्ही कानांना हात लावले. "देवाचं नारळ चटनीत घालू व्हय? देवापुढं ठिवलाय की!"

हेडक्लार्कसाहेबांचाही देवापुढेच. नरसय्यांच्या देवघरात तर तो पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात, हळदीकुंकू लावून बसवलेला. आमच्याकडे ज्याच्याशिवाय आमटीसुद्धा होत नाही, त्याची इथे पूजा चालली होती! मी सांजसकाळ जाता-येता नमस्कार करू लागलो. करतो काय?

*

माघात आमची मंडळी आली. नाव सुमती. मागील दारी परस आणि परसात विहीर अशा घरातली मुलगी. सोलापूरचा धुरळा पाहून तिचा चेहराच उतरला. चौथ्या दिवशी तिने स्पष्ट सांगितलं, "आषाढापर्यंत बघते. नाही करमलं तर मी माहेरी जाईन. तुम्ही नोकरी सोडून मागाहून या."

मला तर गाव आवडू लागलं होतं, माणसं त्याहून जास्त. पण तिचे डोळे रोज सुजलेले दिसत. शेवटी कुणाला न सांगता मी रत्नागिरीला एका कचेरीत अर्ज टाकला.

चैत्रात आमच्या वाड्यातला आड तळाला गेला. घरटी रोज दोनच घागरी, असा बायकांनी आपसांत नेम केला. सुमतीला ते कुणी सांगितलंच नाही. तिने सवयीने एका घागरीचा अंगणात सडा घातला, दुसरीने ओटा धुतला आणि घागरी घेऊन पुन्हा आडावर गेली! नरसय्यांची बायको लक्ष्मव्वा गालाला हात लावून उभी राहिली. सुमतीच्या हातून पाणी सांडलं, असंच त्या माउलीला वाटलं. कुणी मुद्दाम पाणी ओतेल हे तिच्या स्वप्नातही येणार नव्हतं.

"ऱ्हाऊ दे अक्का, रडू नको," म्हणून तिने सुमतीला घरी पाठवलं. दुपारपर्यंत आमच्या दारात चार घरच्या चार भरलेल्या घागरी!

सगळा प्रकार कळल्यावर सुमती खरंच रडली. "एखादीने भांडायला तरी हवं होतं हो," म्हणाली. त्यानंतर तांदळाचं धुवणसुद्धा ती जपून ठेवू लागली. माहेरचं मात्र काही बोलेना, आणि मलाही विचारायचा धीर होईना.

*

ज्येष्ठात रत्नागिरीचं पत्र आलं. जागा मिळाली होती! कोटाच्या खिशात पत्र घालून मी झपाझप घरी आलो. कधी एकदा तिला सांगतो असं झालं होतं.

अंगणात बायकांचा घोळका. मोरीच्या कडेला हातभर खड्डा खणलेला, आणि लक्ष्मव्वाच्या ओंजळीत देवघरातला तो नारळ. त्याला वीतभर हिरवा कोंब फुटला होता!

"देव उगवला की अक्का! आता तुमीच लावा. आमाला काय ठावं ह्यातलं?"

पदर खोचून, कोपरापर्यंत मातीने माखलेली सुमती खड्ड्यात राख पसरत होती. इतकी खुशीत मी तिला सोलापुरात कधी पाहिली नव्हती.

"ह्याला नारळ कवा लागत्याल?" लक्ष्मव्वाने विचारलं.

"सात वर्षं तरी लागतील. आठसुद्धा."

"बया! तवर पानी कोन घालनार?"

"मी घालते की!" सुमती म्हणाली. मग वर पाहून मला म्हणाली, "अहो, उभे काय राहिलात? खड्ड्यात घालायला मूठभर मीठ आणा!"

मी आत गेलो, पत्रासकट कोट खुंटीला अडकवला आणि मिठाची बरणी घेऊन बाहेर आलो.