ग्लायसीनचा एक थेंब

हे मी आईला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सर गेले, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही धड ठाऊक नाही.

घाटकोपरच्या कॉलेजात मी एम.एस्सी. करत होतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लांज्याहून आलो तेव्हा इंग्रजीत एक वाक्य सरळ बोलता येत नव्हतं. रसायनशास्त्राच्या सरांनी मला जवळ केलं. सुट्टीत हॉस्टेल बंद झालं की मी मुलुंडला त्यांच्याच घरी राहायचो, काकूंच्या हातचं जेवायचो.

निवृत्तीआधी सरांना एकच प्रयोग करून पाहायचा होता. पृथ्वीवर जीव नव्हता, तेव्हा नुसते वायू, पाणी आणि विजा यांतून जिवाचा कच्चा माल कसा तयार झाला असेल? बंद फ्लास्कमध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, उकळतं पाणी — आणि सतत ठिणग्या. अमिनो आम्ल तयार झालं, तर तपासणीच्या कागदावर जांभळा डाग पडतो. आमचा कागद दर वेळी कोरा.

"सांध्यातून हवा शिरतेय रे," सर म्हणायचे आणि पुन्हा ग्रीस लावायला बसायचे. मग पुन्हा ठिणग्या सुरू.

मला ते बघवेना. की उपकार फेडल्यासारखं वाटायला हवं होतं? कपाटात ग्लायसीन होतं — तेही अमिनो आम्लच. सर हात धुवायला गेले, तेवढ्यात पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब मी नमुन्यात सोडला.

डाग पडला. सरांनी तिथूनच घरी फोन लावला, जांभळा, जांभळा म्हणत राहिले.

"माझ्या आमटीचं कधी एवढं कौतुक केलं नाहीत!" काकूंचा आवाज मला लांबून ऐकू आला.

तेव्हाच बोलायचं होतं. नाही बोललो.

पण सर एकदा जमलेलं खरं मानणारे नव्हते. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. परत केला. कागद कोरा. बाटलीला पुन्हा हात लावायचं धैर्य मला नव्हतं, आणि सांगायचंही.

निरोपाच्या कार्यक्रमात सर बोलायला उभे राहिले. "तो निकाल धरू नका," म्हणाले. "मला तो पुन्हा काढता आला नाही. माझ्याच हातून काहीतरी मिसळलं असणार. पोराला बोल लावू नका, त्यानं जीव ओतून काम केलंय."

मी पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

सर खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.