अकरा शाफ्ट आणि पाव किलो पेढे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी लेथ विभाग सांभाळत होतो. माणसाला त्याच्या कामाबद्दल कसं सांगावं, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण आम्हाला दिलं गेलं. आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. मी ते वहीत उतरवलं आणि तंतोतंत पाळलं. तिथेच फसलो.

सिन्नरकडचा एक ऑपरेटर, दोन मुलांचा बाप, सहा महिन्यांच्या मुदतीवर होता. चार महिने झाले होते. लेथवर कातलेल्या दोनशे लोखंडी शाफ्टमागे त्याचे अकरा मापात न बसल्याने बाद होत. चारच्या वर गेले की कायम करायचं नाही, असा नियम. त्याला बसवून मी म्हणालो, "हजेरी उत्तम. मापाकडे जरा लक्ष द्या. मशीन मात्र तुमच्याइतकं स्वच्छ कुणी ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने विभागात पाव किलो पेढे वाटले.

"कशाबद्दल?"

"तुम्ही काल दोनदा नावाजलं ना साहेब. घरी सांगितलं, मंडळी लय खूश."

मी कपाळाला हात लावला. घरी हे सांगितलं, तर बायको म्हणाली, "भाजीत मीठ जास्त पडलं तर मला कसं सांगता? आधी पोळ्यांचं कौतुक करता?"

तिसऱ्या दिवशी अकराही शाफ्ट त्याच्यासमोर मांडले. "हे तुमचे. असंच चाललं तर दोन महिन्यांनी तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. "पण मी एकूण एक मोजतो साहेब. मापातच असतो."

"मग मोजा माझ्यासमोर."

त्याने मशीनवरून शाफ्ट काढला, लगेच मायक्रोमीटर लावला. मापात होता. माझ्या हातात दिला तेव्हा चटका बसला. तपासणीच्या टेबलावर जाईपर्यंत तो थंड व्हायचा आणि शतांश मिलिमीटर आकसायचा. तेवढ्यानेच बाद.

त्याच्या कामाबद्दल दर महिन्याला भरायच्या चारही फॉर्मवर मी 'मापात सुधारणा हवी' एवढंच लिहिलं होतं. त्याच्याशेजारी एकदाही उभा राहिलो नव्हतो.

"गार करून मोजायचं, एवढंच होतं?" तो म्हणाला. "मग पहिल्याच महिन्यात सांगायचं ना साहेब."



पाचव्या महिन्यात दोनशेला तीन, सहाव्यात दोन. कायम झाल्याचं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली.

"साहेब, मध्ये कुठं चूकबिक नाय ना लिहिलेली?"