कोरड्या खोलीतले हात

माझ्या थोरल्या बहिणीचे हात कोणी हातात घेत नाही. तिचा मुलगा लहान असताना तिला गालावरून हात फिरवू द्यायचा नाही, टोचतो म्हणायचा. पोराचं तरी काय चुकलं? ताईच्या हातांना भेगाच तशा आहेत, आणि त्या तिला नोकरीने दिल्या.

गरोदरपण तपासायच्या पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात ती होती. त्या पट्टीत नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा असतो. दिसायला साधा टिपकागद, पण नखरे विचारू नका. थेंब टाकला की तो आपोआप पुढे ओढून नेतो, वर ओढलेली औषधाची रेघ डिंकाशिवाय धरून ठेवतो. पंचाईत अशी की, तो काहीही धरून ठेवतो. बोटाचा घाम लागला की डाग कायमचा. तेलाचा ठिपका पडला की पाणी तिथेच अडतं. दमट हवा त्याला सोसत नाही, ठिणगी पडली तर भडकतो. म्हणून ताईच्या खोलीतली हवा यंत्राने कोरडी केलेली. ओठ फुटायचे, नाकातून रक्त यायचं. हातात मोजे, आणि तेल, मलम, क्रीम घरीसुद्धा बंद. दारावरची बाई हात हुंगून आत सोडायची.

"पडद्याची कातडी जपायची," ताई हसून म्हणायची, "आपली गेली उडत."

सुनेने एक दिवस दोन रेघांची पट्टी आणून दाखवली. ताईने ती आधी उजेडात धरून रेघा सरळ आहेत का ते पाहिलं, आणि मग कुठे तिला रडू फुटलं. दुसऱ्याच दिवशी तिने नोकरी सोडली. बाळ येईपर्यंत हात मऊ व्हायला हवेत, एवढं एकच तिच्या डोक्यात. रोज तेल चोळायची, हातांवर पायमोजे चढवून झोपायची. मी चेष्टा केली तर रागवायची. भेगा मात्र हटल्या नाहीत. इतक्या वर्षांचं कोरडेपण काही महिन्यांच्या तेलाला कसलं दाद देतंय!

बाळाला बघायला मी तिच्यासोबत गेले. ताईने हात पुढे केले. सुनेने ते पाहिले आणि कपाटातून रबरी हातमोज्यांचं खोकं काढलं.

"आई, त्याची कातडी फार नाजूक आहे हो. एवढे घालाल का?"

मुलगा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ताईने मोजे घातले, बाहेरच्या बाजूला बोट न लागू देता, कामावर घालायची तसेच. बाळ मांडीवर घेतलं. त्याने मोज्यातलं तिचं बोट मुठीत घट्ट धरलं, आणि ती हललीसुद्धा नाही.

 घरी परतताना ती आपल्या तळहातांकडे बघत म्हणाली, "कुठे डाग नाही पडू दिला मी."