उन्झियाबाईंना मोजलं त्या दिवशी

नव्याने आलेल्या पोरांना आमच्या उन्झियाबाई सुरुवातीला काही म्हणजे काही शिकवायच्या नाहीत. सीमेवरून ट्रक यायचा, एकदोन दिवसांत सुदानची पोरं शाळेच्या आवारात येऊन उभी राहायची, आणि बाई त्यांना आंब्याखाली नेऊन चटया अंथरून म्हणायच्या, "निजा."

आणि पोरं खरंच निजायची. भर सकाळी, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. वर पानांची सळसळ, लांब उतारापलीकडे नाईलची पांढुरकी रेघ, चुलीवर शिजणाऱ्या मक्याच्या पेजेचा वास. मी पलीकडच्या वर्गात घसा फोडून भागाकार शिकवत असायची आणि माझं अर्धं चित्त त्या झाडाखाली. वाटायचं, खडू टाकावा आणि आपणही तिथे जाऊन आडवं व्हावं.

"अहो बाई, ही शाळा आहे की पाळणाघर?" एकदा न राहवून मी विचारलंच. मी तशी तोंडाळ.

"अमोको," त्या म्हणाल्या, "पोर ट्रकमधून येतं. त्याचा जीव मागून पायी येत असतो. पोचू दे की त्याला!"

आमच्या लहानपणी इकडे लढाई पेटली, तेव्हा आम्ही इकडचे मादी जमातीचे लोक नदी ओलांडून तिकडे सुदानात पळालो होतो. बाई तिकडेच वाढल्या, तिकडची अरबी तिकडच्या बाजारात शिकल्या. आता तिकडचे इकडे येत होते. धिप्पाड अंगाची, गडगडाटी हसणारी ही एकटी बाई, चहात मूठभर साखर घालणारी, त्या पोरांच्या उशाशी बसून तासन् तास नदीकडे बघत राहायची. हेडमास्तर कुरकुरायचे. बाई एका कानाने ऐकायच्या आणि दुसऱ्याने सोडून द्यायच्या.

झोप पुरी झाली की मग त्यांचा खेळ सुरू व्हायचा. पोरांचं रिंगण करायचं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत जायचं. एक, दोन, तीन. मग पोरांनी तसंच करायचं. "हाताला डोक्याची ऊब लागली की आकडा विसरत नाही," असं त्या म्हणायच्या, आणि आमच्या मादी जमातीची पोरं, सुदानातल्या कुकू जमातीची पोरं त्या खेळावर जीव टाकायची.

त्या वर्षी पहिल्यांदाच डिंका जमातीची पोरं आली, त्यांत न्यीबोल. उंच, शेवग्याच्या शेंगेसारखी किडकिडीत. तिचा मामा माजाक तिला सायकलवर बसवून घेऊन आला.

"बाई, ही बोलत नाही," तो म्हणाला. "घरात अशी मुकी पोर बघवत नाही मला. या आठवड्यात शाळेत रुळली तर बरं. नाहीतर सीमेपलीकडे माझ्या म्हाताऱ्या आईकडे पाठवतो."

"पलीकडे? अरे, तिकडे अजून गोळ्या चालल्यात!"

"मग तुम्हीच सांगा, मी काय करू? माझी चार पोरं, त्यात ही."

बाईंनी न्यीबोलला चटई दिली. ती निजली नाही. सगळी पोरं झोपेत असायची आणि ही एकटी टक्क डोळ्यांनी पानांतून दिसणारं आभाळ बघत पडायची. आठवडा संपत आला, तशा बाई घाबरल्या. खेळात तरी पोर खुलेल म्हणून त्यांनी तिला हाताला धरून रिंगणात उभी केली.

न्यीबोलने पहिल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि अशी किंचाळली की माझ्या हातातला खडू पडला. कुंपण ओलांडून पळाली. तिच्यामागे सगळी डिंका पोरं उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांतलं एकही आलं नाही.

कारण मला नळावर कळलं. एक डिंका म्हातारी माझ्या बादलीकडेही न बघता म्हणाली, "तुमच्या बाईला कुणी शिकवलं नाही का गं? जितं माणूस मोजतात का कधी? आम्ही गुरंसुद्धा मोजत नाही. मोजलेला आकडा मरणाला ऐकू जातो."

मी बाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "तिकडे वाढले मी, अमोको! तिथल्या आयाबाया पोरं मोजायच्या नाहीत, मला ठाऊक होतं. आणि हेच कसं विसरले?"

दुपारी आम्ही दोघी माजाकच्या झोपडीत गेलो. न्यीबोलचं बोचकं बांधून तयार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक पलीकडे जाणार होता. बाई मुकाट्याने तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. माजाकच्या बायकोने शेंगदाणे पुढे ठेवले. दारातून ऊन आत येऊन बाईंच्या पायावर पसरलं होतं. मग पोर एकदम बोलायला लागली.

"होडीत आईने विचारलं, सगळे चढले का? मी मोजलं. मोठ्याने मोजलं. सगळे होते. पलीकडे उतरलो तर माझा भाऊ माबिओर नव्हता." तिने ओठ चावला. "आई त्याला शोधत तिथेच थांबली. मी मोजलं म्हणून गेला तो."

बाई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी मान पुढे केली.

"मला मोज."

"नाही!"

"मोज म्हणते ना! मी एकटी बाई, माझ्यामागे रडणारं कुणी नाही. उद्या सकाळी मी शाळेत दिसले नाही, तर तुझं खरं. दिसले, तर मोजण्यात काही नाही. मग तू इथेच राहायचं. काय रे माजाक?"

माजाकने मान खाली घातली. "उद्या दुपारपर्यंत थांबतो," तो म्हणाला.

पोरीने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. बाईंच्या पिकल्या केसांवर तो टेकला आणि ती अगदी हळू म्हणाली, "एक."

आता पुढचं ऐका. मी बाईंच्या शेजारीच राहायची. पहाटे चुलीसाठी निखारा मागायला गेले, तर बाई अंथरुणात कुडकुडत होत्या. मलेरिया! अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे तांबडे. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा तिथे जागच्या जागी थिजले. मनात आलंच माझ्या, मोजल्यामुळे तर नसेल? मी, पोरांना गणित शिकवणारी!

"पडून राहा. मी दवाखान्यात नेते."

"रुमाल दे माझा."

"बाई, वेड लागलंय का?"

"आज मी गेले नाही तर ती पोर जन्मभर मला मारल्याचं ओझं वाहील. आणि वर गोळ्यांत जाईल. दे रुमाल."

मी शिव्या घालत त्यांना आधार दिला. वाटभर त्या काहीबाही बोलत होत्या. नदी इकडे वर आलीय, म्हणाल्या, झाडांत होड्या दिसतायत. आंब्याला पाठ टेकून बसल्या, आलेल्या पोरांना शेजारी रिंगण करायला लावलं आणि माझा हात झटकून म्हणाल्या, "जा, तुझ्या वर्गात जा."

मी वर्गाच्या दारातच थांबले. माजाक सायकल घेऊन आला, मागे बोचकं, पुढे न्यीबोल. कुंपणापलीकडे बाकीची डिंका पोरं आणि त्यांच्या आया उभ्या. बाई हसल्या. तोच गडगडाट. कुठून आणला, देव जाणे.

न्यीबोल चालत आली आणि तिने बाईंच्या डोक्यावर तळवा ठेवला. तिचा चेहरा बदलला.

"बाई, तुम्ही तापलात."

"उन्हातून चालत आले, तापणार नाही? डोकं आहे माझं, माठ नव्हे! मोज पुढे."

पोर थांबली. त्या थांबण्यात माझा जीव अर्धा झाला. मग ती पुढच्या पोराकडे वळली आणि म्हणाली, "दोन." मग तीन. आवाज वाढत गेला. रिंगणाच्या शेवटी पोचली तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती. कुंपणापलीकडची पोरं एकेक करून आत शिरली. माजाकने कॅरियरवरचं बोचकं सोडलं.

दुपारी शाळा सुटली आणि आवार रिकामं झालं, तोवर बाई ताठ बसून होत्या. मग बाजूला कलंडल्या. मी मोटरसायकलवाल्याला हाका मारून आणलं, त्यांना मधे धरून बसवलं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेला राग माझ्या तोंडून भडाभडा बाहेर पडला.

"मेली असतीस, बाई! त्या पोरीच्या डोळ्यांदेखत मेली असतीस! काय मिळवलंस गं?"

बाईंनी तापलेलं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.

"ओरड गं," त्या पुटपुटल्या, "पण हळू. ती अजून रस्त्यातच असेल."