धुऱ्यावरची खुर्ची

वर्ध्याच्या फिजिओथेरपीच्या खोलीत ती माझ्या शेजारच्या बेडवर असायची. आंजी गावाकडे भाजीपाला पिकवणारी, साठीची बाई. गुडघ्यातली फाटलेली कूर्चा दोघींचीही ऑपरेशन करून दुरुस्त केलेली. मला घराचे तीन जिने चढायचे होते. तिला उकिडवं बसायचं होतं, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच कायमचं बंद केलं होतं. पाय वाकवताना मी कण्हायची. तिचा हात मात्र चादरीवरून निंदणीतलं गवत उपटल्यासारखा पुढे पुढे सरकत राहायचा.

"आता वावरात जाता की नाही?" मी एकदा विचारलं.

"जातो ना. पोरानं धुऱ्यावर खुर्ची टाकून देल्ली. बाया निंदतात, मले नुसतं पाहाचं हाये."

"मग बांधावर बसून आरामच आहे की."

तिचा हात थांबला. "निंदताना बाया हळू बोलतात, ताई. खुर्चीवर काईच आयकू येत नाई."

बोरगावातले माझे तीन जिने मी आता न थांबता चढते. कुलूप काढते, आणि आत कोणी हळू बोलतंय का म्हणून उगाच दारात उभी राहते.