सर्व्हिसला दहापैकी गुण

टेनिसची रॅकेट मी आयुष्यात कधी नीट धरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी लेकीच्या सर्व्हिसवर मी चार महिने बोललो आणि तिनं ते ऐकून घेतलं. यात मोठेपणा कुणाचा ते तुम्हीच ठरवा. मी धारवाडात पी.यू. कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवतो, बायको हुबळीत केशवापूरच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि राहतो मध्ये नवनगरात. अशा घरात खेळाडू जन्माला आलाच कसा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

लेक तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या टेनिस संघात जायचं, हे तिचं एकच वेड. आधीची दोन वर्षं ती निवडीत थोडक्यात राहिली आणि दोन्ही वेळा सर्व्हिसनंच घात केला. बाकी खेळ झकास, पळणं तर विचारूच नका. पण सर्व्हिस अशी गुळमुळीत की समोरच्या मुलीनं केस सारखे करून मग परतवावी. आणि आता हे शेवटचं वर्ष होतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

एकदा जेवताना तिनं सहज विचारलं, तुमच्या फिजिक्समध्ये याला काही उपाय आहे का अप्पा? तिनं सहजच विचारलं हो, पण मी ताटावरून उठलो तो थेट मोबाइलवर जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या सर्व्हिस बघत बसलो. दुसऱ्या दिवशी कोर्टवर जाऊन तिच्या सर्व्हिसचं संथ गतीत चित्रण केलं. घरी येऊन दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरगी सगळा जोर हातानं लावतेय. हात बिचारा एकटा राबतोय आणि बाकीचं शरीर नुसतं उभं!

खरी गंमत मला समजली ती गच्चीवर. बायको धुणं वाळत घालत होती. तिनं ओला टॉवेल झटकला, फाट्‌कन आवाज आला आणि मी जागीच उभा राहिलो. हात पुढं येऊन एकदम थांबतो, म्हणून त्याचा वेग टॉवेलच्या टोकाला जातो. सर्व्हिसमध्येही तेच. जोर जमिनीतून निघतो. वाकलेले गुडघे सरळ होतात, मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, आणि शेवटी मनगटापासून कोपरापर्यंतचा हात असा फिरतो की तळवा बाहेरच्या बाजूला होतो. एकेक जण आपलं काम करून थांबतो आणि वेग पुढच्याला देतो. मी बायकोला म्हटलं, पुन्हा एकदा झटक, जरा सावकाश, मी व्हिडिओ घेतो. ती म्हणाली, आधी ती बादली उचला. मग तिनं एक सोडून चार टॉवेल झटकून दाखवले, ते अजून माझ्या मोबाइलात आहेत.

लेकीला हे पटलं. चेंडू उडवताना तो बोटांनी फेकायचा नाही, हात सरळ वर नेऊन सोडून द्यायचा, आणि डोक्याच्या थोडा पुढं, उजवीकडं. तिचा चेंडू डोक्याच्या मागं जायचा, म्हणून तिला पाठीतून वाकावं लागायचं आणि पायांचा जोर तिथंच संपायचा. रॅकेट हातोडीसारखी धरायची, पण आवळायची नाही. महिनाभरात सर्व्हिसला असा काही आवाज यायला लागला की शेजारच्या कोर्टवरचे लोक वळून बघत. माझी छाती फुगली. इथपर्यंत सगळं ठीक होतं, इथंच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

पण मास्तर तो मास्तर. आमच्याकडं पेपर तपासायची एक पद्धत आहे. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर पायऱ्यांचे गुण द्यायचे. तीस वर्षं मी तेच करत आलोय, कित्येक पोरं त्यावर पास झालीत. मी एक वही केली आणि सर्व्हिसच्या पायऱ्या पाडल्या. चेंडू उडवण्याला दोन, गुडघ्यांना एक, डावा हात वर राहिला तर एक, असं करत बरोबर दहा गुण. चेंडू कुठं पडला याला गुण किती ठेवले होते, विचारा. शून्य! चेंडू जाळ्यात गेला तरी मी ओरडून सांगायचो, नऊ, छान! आणि एखादी वाकडीतिकडी सर्व्हिस समोरचीला हलूही न देता निघून गेली, तर तिला चार.

तिचे गुण वाढत गेले आणि सर्व्हिस आत पडेनाशी झाली. वर प्रत्येक सर्व्हिसनंतर चेंडू कुठं पडला हे बघायचं सोडून ती माझ्याकडं बघायला लागली. मला यात काही वावगं दिसलं नाही. उलट पोरगी किती मन लावून शिकतेय असं मी घरी सांगत होतो.

तिचे कोच म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक शांत गृहस्थ, कन्नडच बोलणार आणि तेही मोजकं. निवड पंधरा दिवसांवर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “सर, सुम्निर्री स्वल्प.” म्हणजे जरा गप्प बसा. माझा पारा असा चढला म्हणता! माझ्याच लेकीबद्दल मी गप्प बसू? मी त्यांना वेगाचे सगळे नियम ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि चेंडूंची टोपली उचलून गेले. घरी येऊन मी बायकोकडं तक्रार केली, तर ती म्हणाली की पोरीला रात्री झोप लागत नाही आजकाल, तुम्हाला ठाऊक तरी आहे का? मला ठाऊक नव्हतं.

तरी अक्कल लगेच येत नाही माणसाला. निवडीच्या दिवशी वही घरी ठेवली आणि यापुढं अवाक्षर काढणार नाही असं कबूल करून मी धारवाडच्या कोर्टवर जाऊन बसलो. संघातल्या बाकीच्या जागा भरल्या होत्या, शेवटच्या एका जागेसाठी हिचा सामना होता. समोरची मुलगी साधीच खेळत होती, पण हिच्या सर्व्हिसच आत जाईनात. दोन-दोन चुका करून गुण नुसते वाटत सुटली होती. पहिला सेट गेला. दुसऱ्याच्या सुरुवातीला तिनं एक सर्व्हिस जाळ्यात मारली आणि माझ्याकडं पाहिलं. मी तर तोंड मिटून बसलो होतो! मग ती बघत काय होती? मी खाली पाहिलं, तर माझा हात गुडघ्यावर होता आणि चार बोटं ताठ.

मी तोंड बंद केलं होतं, पण हातानं गुण देणं चालूच होतं, आणि पोरगी सामना सोडून माझी बोटं मोजत होती. तीन वर्षांची तिची मेहनत माझ्या मास्तरकीपायी वाया जाताना मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी उठलो आणि तिला दिसेल असा, कोर्टच्या कडेकडेनं चालत फाटकाबाहेर पडलो.

रस्त्यापलीकडच्या गाड्यावर गिरमिट घेतलं. चुरमुऱ्यांचा एक घास खाल्ला आणि बाकीचं तसंच हातात धरून बसलो. गाड्यावरच्या अक्कांनी विचारलं, तिखट कमी झालंय का? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. आतून चेंडूचे आवाज येत होते, मधूनच टाळ्या, पण कुणासाठी ते कळायला मार्ग नव्हता. दोनदा उठून रस्ता ओलांडायला निघालो आणि दोनदा परत येऊन बसलो. तास झाला, वर पंधरा मिनिटं झाली. मग लोक बाहेर पडायला लागले आणि कोच दिसले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, त्यावरून काय समजणार?

त्यांच्या मागून लेक आली. डोळे लाल, नाक लाल, खांद्यावरची बॅग ओघळलेली. गेलं, म्हटलं. सगळं माझ्यामुळं गेलं. मी पुढं होऊन बॅग घ्यायला गेलो आणि म्हणालो, होतं असं, खेळ आहे.

“जिंकले मी,” ती म्हणाली.

“अगं, मग रडतेस कशाला?”

“शेवटचा गुण सर्व्हिसवरच मिळवला अप्पा. तिला रॅकेटही लावता आली नाही. असली सर्व्हिस मी जन्मात मारली नव्हती.” तिला हुंदका आवरेना. “आणि तुम्हाला दाखवावं म्हणून वळून पाहिलं, तर तुम्ही नव्हता.”