सांदणांखालचं नाव

आईने फणसाच्या सांदणांची कृती एका मुक्त पाककोशावर लिहिली, तेव्हा मला सिंगापूरला येऊन काही वर्षं झाली होती. मुक्त म्हणजे कुणीही लिहावं, कुणीही उचलावं. अट एवढीच, की कुठून घेतलं आणि मूळ कुणी लिहिलं ते सांगायचं. पुण्यात बसून आई फोनवर एका बोटाने टाइप करायची. खातं माहेरच्या नावाने उघडलं. "कृती माहेरची, मग नावही माहेरचंच," म्हणाली. लग्नानंतर ते नाव तिने कुठे लिहिलंच नव्हतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचीही सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट होती. एक दिवस तिथे सांदणं दिसली. शब्द न् शब्द आईचा, अगदी "नारळाचं दूध घाबरत घाबरत घालावं" हेसुद्धा. आणि खाली काय, तर 'संकलन: मंडळ'. माझं डोकंच सणकलं.

वेबसाइट सांभाळणारे गृहस्थ चांगी बिझनेस पार्कात माझ्याच इमारतीत कामाला. त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

"अहो वहिनी, मुक्त आहे ना ते? मग आपलंच की."

"मुक्त आहे, बेवारस नाही. माझ्या आईने लिहिलंय ते. मूळ पानाची लिंक द्या आणि तिथलं नाव टाका, झालं."

ऑफिसात हाच माणूस दुसऱ्याचा कोड वापरला की मूळ कुणाचा ते सांगणारी वरची लायसन्सची ओळ जिवापाड जपतो. स्वयंपाकघरातलं काही आलं की कसले नियम नि कसलं काय.

मी मेसेजवर मेसेज पाठवले. शेवटी उत्तर आलं, हे नाव कुणाच्या ओळखीचं नाही, सभासद विचारतील या कोण. स्वतः बदलायला गेले, तर पानाला कुलूप. नवरा मंडळाचा उपाध्यक्ष, तो म्हणे, "एका पाककृतीपायी कशाला डोक्याला ताप?" त्याच्यावरही भडकले. कारण नाव लागणार असं मी आईला सांगून बसले होते, आणि ती रोज विचारायची, "लागलं का गं?"

मग एकदा संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. "टाकलं बघा वहिनी, अगदी मानाने टाकलं." एमआरटीत, इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्याच पान उघडलं. सांदणांखाली ठळक अक्षरांत: 'आमचे उपाध्यक्ष श्री. अमुक अमुक यांच्या सासूबाईंच्या सौजन्याने.' नवऱ्याचं नाव आडनावासकट. लिंकचा पत्ता नाही. संतापाने मला रडूच यायचं बाकी होतं.

घरी येऊन आईला फोन केला. तिने ते आधीच पाहिलं होतं.

"माझं नाव लिहायला इतकं अवघड आहे का गं?"

मी म्हटलं, थांब, आत्ताच्या आत्ता ते सगळं काढायला लावते.

"नको," ती म्हणाली. "जावयांचं नाव आहे त्यात. काढलं तर वाईट दिसेल."